फक्त ठमीला पाठ असलेलं गाणं

सोमवार, ६ जानेवारी
आलो एकदाचे! दोन खोल्या, पुढे गॅलरी आणि नळाला चक्क पाणी. खाली घरमालकीण मावशी राहतात. परक्याकडे ढुंकूनही न बघणारी माझी लेक त्यांच्या दिवाणखान्यात फतकल मारून बसली आणि उठायलाच तयार होईना. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत ती त्यांच्याकडेच थांबेल. ठमी आता सहा वर्षांची झाली. तिचे बाबा गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. हे वाक्य लिहून टाकलं, आता रडायचं नाही. आजचा दिवस आनंदाचा आहे असं मी ठरवलंय.

बुधवार, ८ जानेवारी
काम मजेचं आहे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागच्या कोपऱ्यात माझं टेबल. गिऱ्हाइकांच्या मेमरी कार्डात, पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायची. गाण्याचं नाव कुणालाच धड आठवत नाही. लोक गुणगुणतात, मी कळतील ते शब्द सर्चमध्ये टाकते आणि सापडलं की डाउनलोड करते. आज एक टेम्पोवाला इतका बेसूर गायला की मला हसू आवरेना. तरी गाणं सापडलं, आणि तो गडी डोळे पुसत गेला.
मालकांचा एकच नियम आहे. गाणं कॉपी नाही, कट करायचं. कॉम्प्युटर म्हातारा आहे, पोटात जागा नाही. कट केलं की इथलं जातं आणि कार्डात पोचतं.

शुक्रवार, १७ जानेवारी
ठमी अंघोळीला बसली की अजून बाबांचं गाणं म्हणते. ‘साबणराव निघाले गावाला, फेस विसरले कानाला.’ बादलीवर ठेका धरून त्यानंच रचलेलं, रोज एक कडवं वाढायचं. रेकॉर्ड करून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. माझं आणि सुरांचं वाकडं, मला पहिली ओळ तेवढी येते. सगळी कडवी पाठ आहेत ती फक्त ठमीला.
आज दुपारी दुकानात शुकशुकाट होता. गंमत म्हणून ती ओळ सर्चमध्ये टाकली. एकच निकाल आला. डाउनलोड केला.
त्याचाच आवाज. मागे बादलीचा ठेका. शेवटी तो खोकतो, तेसुद्धा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मालकांनी पाणी आणून ठेवलं.

शनिवार, १८ जानेवारी
फोनवर ठमीला ऐकवलं. वाटलं होतं, नाचेल. तिनं शहाण्या मुलीसारखं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “आई, हे काका कोण?”
मी म्हटलं, बाबा गं तुझे. ती म्हणाली, मजेशीर गातात. अंघोळीला गप्प बसली होती. पहिली ओळ मी सुचवली, तर म्हणाली, मला नाही येत.

सोमवार, २० जानेवारी
मालकांना विचारलं, नेटवरचं गाणं आपण घेतलं तर तिथलं जातं का? हसले. म्हणाले, तिथलं कसं जाईल, आपल्याकडे फक्त नक्कल येते. मी ती ओळ पुन्हा टाकून पाहिली. काहीच आलं नाही.
नक्कल नव्हती ती. ते गाणं जगात एकाच ठिकाणी होतं आणि मी ते तिथून कट केलं.
ठमीला पुन्हा पुन्हा ऐकवलं. शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं तिनं. पण तिच्यासाठी त्यात बाबा नाहीत.

गुरुवार, २३ जानेवारी
पुन्हा शोधायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी घरी आला की तो दारातूनच ठमीला हाक मारायचा. तेवढंच सर्चमध्ये लिहिलं. सापडली. घेतली.
घरी येऊन पाहिलं तर ठमीनं भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाला ओळखलं नाही. मला माझी लाज वाटते. आणि तरी ती हाक मी कितीदा ऐकली —

सोमवार, २७ जानेवारी
आज काही न शोधता एक निकाल आला. जुन्या घराची गॅलरी, वीज गेलेली, आम्ही तिघं गाणी म्हणतोय. ठमीच्या डोक्यात त्याचं आता काहीच उरलेलं नाही. मग घेतलं तर काय बिघडणार? असं म्हणून घेतलं.
त्यात तो हसतो. त्यात मीही हसते. हे डाउनलोड झाल्यावर लक्षात आलं —

मंगळवार, २८ जानेवारी
ठमी जिन्यात बसून आहे. माझ्याबरोबर वर येत नाही. मावशींना वाटतं, पोर रुसली आहे. माझ्याशी अगदी अदबीनं बोलते. “बाई, माझी आई कधी येणार?”
मी म्हटलं, येईल. दुसरं काय —

बुधवार, २९ जानेवारी
पोर सारखी आई आई करते म्हणून मावशींनी तिला आपला फोन दिला. काय हवं ते यात बोल, सापडेल, म्हणाल्या. ती बोलली — “आईची हाक.” मी अनवाणी खाली धावले. नको ठमी, ती हाक फक्त माझ्याचपाशी — दुसरीकडे कुठेच नाही — ठमी —

गुरुवार, ३० जानेवारी
जिन्यात एक मुलगी बसली आहे. फोन कानाला लावून, खूश. तिला तिची आई सापडली म्हणे. तुम्ही का रडताय, असं तिनं विचारलं. मी गाल चाचपले, खरंच ओले होते. मग तिनंच फोन माझ्या कानाशी धरला. गुणी पोर.
आवाज छान आहे. कुणी बाई ठमी, ठमी म्हणून हाका मारते आहे. किती लाडानं — हा आवाज मी कुठेतरी — ही ठमी कोण असेल? तिला कुणीतरी सांगायला हवं, की तिची आई इथेच —