छप्पन्न मिनिटं

१० जानेवारी १९५५, सोमवार
नऊ वाजले आणि नलूनं तांब्यावर झाकण ठेवलं. दर सोमवारी-गुरुवारी नऊला आमच्या चंद्रभानचं विमान सुटतं. आसामातल्या एका धावपट्टीवरून दुसरीवर — तांदूळ, मीठ घेऊन. तो त्यात रेडिओ सांभाळतो. दोन्ही गावं माझ्या शाळेच्या नकाशात सापडत नाहीत! त्याच्या पत्रावरून अंतर एकशेचाळीस मैल. वेग ताशी दीडशे. म्हणजे छप्पन्न मिनिटं. हे गणित मीच सुनेला करून दिलं, आणि पोरीनं त्याचं व्रत केलं — विमान खाली येईस्तोवर पाण्याचा थेंब नाही. भूगोलाच्या मास्तराच्या घरात हे असलं!
दहाला चार कमी असताना घटाघटा प्यायली. मला हसू आलं.

११ जानेवारी
तार. बापूराव पोस्टमननं आज चहासुद्धा मागितला नाही. कालचं विमान पोहोचलं नाही. शोध चालू.
नलू एवढंच म्हणाली, "मी त काल पानी पेली, मामाजी. ते त खाली आलेच नोते."
तेव्हापासून पाणी सोडलंय.

१२ जानेवारी
थेंब नाही. माझी बायको मनकर्णा विनवून थकली, ओरडून थकली. शेवटी माझ्यावर उलटली — "तुमच्याच गनितानं झालं हे! आता तुमीच सोडवा तिले." खरं आहे. माझा एकुलता एक पोरगा बेपत्ता, आणि मला धड रडताही येत नाही. पोरीचे ओठ फाटलेत.
साधं गणित आहे. विमानात सहा तासांचं पेट्रोल. सोमवारी दुपारी तीनला संपलं. आता आकाशात काही नाही. हे सांगितलं तर तिचं व्रत सुटेल. पण सांगायचं म्हणजे माझ्याच तोंडानं चंद्रभान गेला म्हणायचं. जीभ रेटत नाही.

१२, संध्याकाळ
दुसरी तार नाही.

१३ जानेवारी
तिला उठवेना. सांगितलं. म्हटलं, "बेटा, पेट्रोल सहाच तासांचं असते. विमान आता वर नाई. कुठं तरी शेतात उतरलं असन. जंगलातून तार याले वेळ लागते."
खोटं! तिथं शेत कुठलं? सगळा डोंगर — त्यानंच लिहिलं होतं. तांब्या तिच्या ओठांशी नेला, निम्मं पाणी तिच्या पदरावर सांडलं. तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग प्यायली.
मनकर्णा म्हणाली, देव पावला. मी गोठ्यात जाऊन रडलो. माझा चंदू गेला. गेलाच तो.

१४ जानेवारी
आज संक्रांत. नलू भिंत धरून उठली, माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "सहा तासांचं मले ठाऊक होतं, मामाजी. त्याइनंच दिवाळीत सांगतलं होतं. मी वाट पाहून नोती राह्यली. मले त्याइच्या मांगं जाचं होतं."
"मंग काल काऊन पेली, बेटा?"
"तुमाले खोटं बोलाची सवय नाई. तरी माह्यासाठी बोलले म्हनून."