जुना प्रोग्रॅम मेलेला नाही

सुकापूर, पनवेल
१२ जुलै १९९८

ती. दादास,

मालूचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही ठाण्यात बरे असाल. समीक्षावहिनीला सांग, तिने पाठवलेलं लोणचं आमच्या जगनरावांनी जवळजवळ एकट्यानेच संपवलं. दिवसभर क्रेनवर बसून लोखंड उचलणाऱ्या माणसाला भूक लागणारच, असं त्यांचं म्हणणं. लोखंड क्रेन उचलते, ते नव्हेत, पण ऐकायला तयार नाहीत.

आई गावी कोनलाच आहे. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणते, "तुझे दुसऱ्या माळ्यावर मना कोंडल्यावानी वाटतं." मग मीच रविवारी जाऊन येते. बीपीची गोळी वेळेवर घेते. निदान तसं सांगते तरी.

आता कामाचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नव्या कॉम्प्युटरांची साथ आली आहे. एका वखारीत आले की शेजारच्याला चैन पडत नाही. हसमुखशेठनीही जुने काढून नवे बसवले, आणि मला निरोप धाडला की तुमचा बिलांचा प्रोग्रॅम यांच्यावर टाकून द्या. मी गेले, टाकला, चालू केला. पडदा एकदा लुकलुकला आणि शून्याने भागाकार होत नाही असा निरोप देऊन प्रोग्रॅम बाहेर आला. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच.

कारण सापडलं आहे. सुरू होताना प्रोग्रॅम एक छोटंसं काम करून बघतो आणि त्याला किती वेळ लागला यावरून मशीनचा वेग ठरवतो. नवं मशीन इतकं जलद की वेळ लागतच नाही. उत्तर शून्य येतं, त्या शून्याने तो भागायला जातो आणि आडवा होतो. हा भाग आपण लिहिलेलासुद्धा नाही, ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत आपण लिहिलं ती विकणाऱ्या कंपनीकडूनच तसा आला होता. त्यांनी नवा भाग काढला आहे, तो मी मिळवला. पण तो जोडून प्रोग्रॅम पुन्हा बांधायचा तर मूळ कोड हवा.

तुला आठवत असेल, मूळ कोडची एक मोठी फ्लॉपी आपण शेठकडे जपून ठेवायला दिली होती. त्यांनी ती फारच जपली. दर दसऱ्याला तिजोरीतून काढून लक्ष्मीच्या फोटोपुढे ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. तेही पाकिटावर नाही. पाकिटातून काढून, जिथे काळी चकती उघडी दिसते बरोबर त्या फटीत, बोटाने. इतक्या वर्षांचं कुंकू आहे आत. मी ती मशीनमध्ये घातली तर मशीन किंचाळलं. बिलं करणारे काशीरामभाऊ तिथेच उभे होते. ते म्हणाले, "शेठनी सोताच्या हातानं पूजा केलेली वस्तू हाय. ती वाचता येत नाय म्हंजे तुमच्या मशीनचाच दोष." मला हसूही येईना आणि रडूही.

तर दादा, तू ठाण्याला गेलास तेव्हा फ्लॉप्यांचा सगळा डबा तुझ्याबरोबर गेला. त्यातून तुझ्या प्रोग्रॅमची एक प्रत काढून कुरिअरने पाठव. इथे काशीरामभाऊ हाताने बिलं फाडत आहेत आणि वजनकाट्यापासून गेटपर्यंत ट्रक उभे आहेत. बाकीच्या वखारीही वाट बघत आहेत. त्यांना मी शब्द दिला आहे की प्रोग्रॅम चालू करून देईन. तू उरण नाक्याची आपली कामाची खोली सोडल्यापासून माझं काम याच लोकांवर चाललंय, हे तुला सांगायला नको.

लवकर पाठव.

तुझी,
मालू


सुकापूर
३० ऑगस्ट १९९८

ती. दादास,

नमस्कार. राखी मिळाल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं.

तुझं पत्र मिळालं. घर बदलताना डबा रद्दीत गेला असं लिहिलं आहेस. गेला असेल. पण त्याच पत्रात लिहितोस की जुना प्रोग्रॅम मेला असं समज, सगळ्या वखारवाल्यांना तसं सांग, आणि त्यांना तुझ्या कंपनीचं बिलांचं नवं पॅकेज घ्यायला लाव. वर मला त्यात कमिशन.

मी ते कुणाला सांगितलं नाही. पण सांगायची गरजही राहिली नव्हती. तुझ्या कंपनीचा तो टाय लावणारा भरत बाजारात आधीच फिरून गेला आहे. हसमुखशेठनी त्याचं रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "मालूबेन, तुमचा भाईच बोलतो जुना खलास. तर तुम्ही इथे काय करताय?" मी पत्रक हातात घेतलं. त्यावर छापलंय की जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालणार नाहीत, आणि तारीख मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीची. म्हणजे प्रोग्रॅम नव्या मशीनवर पडणार हे तुला माझ्या आधी माहीत होतं. असू दे.

तू सोबत पाठवलेला कागदही बघितला. "सदर प्रोग्रॅम श्री. धनेश पाटील यांनी एकट्याने तयार केला असून मी त्यात कोणताही फेरफार करणार नाही, अगर तो कोणास विकणार अगर दुरुस्त करून देणार नाही." खाली माझं नाव आणि सहीला जागा. पेन्सिलीने फुलीसुद्धा करून पाठवली आहेस, मी चुकीच्या जागी सही करीन म्हणून.

मी अजून वाचते आहे. आईची तब्येत ठीक.

मालू


सुकापूर
२४ ऑक्टोबर १९९८

ती. दादास,

दिवाळी झाली. भाऊबीजेला मी कोनला ताट करून बसले होते. दुपारी आई म्हणाली, "आता नाय येत तो. ताट उचल." ताट उचललं. करंज्या शेजारच्या भामाकाकूच्या नातवंडांनी खाल्ल्या, तेव्हा वाया काही गेलं नाही.

तुझं दसऱ्याच्या आधी आलेलं पत्र माझ्यापुढे आहे. त्याला आजवर उत्तर दिलं नाही, कारण मला आधी काम पुरं करायचं होतं. आज उत्तर देते, ते सावकाश वाच.

तू लिहितोस, "विचार सगळा माझा होता, तू फक्त टाइप करत होतीस." ते वाचून मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली रडले. जगनरावांना वाटलं आईचं काही झालं. त्यांना पत्र वाचून दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "टाइपिस्ट हायस तर मग टाइप कर ना परत." मग माझं डोकं जागेवर आलं.

तेव्हा मी प्रोग्रॅम परत टाइप केला. सगळा. हसमुखशेठच्या ऑफिसात, भर दुपारी, काशीरामभाऊ जेवून डुलक्या घेत तेव्हा त्यांच्या मशीनवर बसून. बाहेर गाड्यांतून सळया उतरायच्या, त्या आवाजात आपलं लिहिलेलं मनातसुद्धा ऐकू येत नाही. समोर काही नव्हतं, ना फ्लॉपी, ना जुनी प्रत. गिऱ्हाईक पार्ट्यांची आणि मालाची माहिती तेवढी मशीनमध्ये शाबूत होती. बाकीचं मला विचार करून आठवावं लागलं नाही. रिकाम्या ट्रकचं वजन, भरलेल्याचं वजन, पत्रा कापल्यावर जी घट येते ती कुणाच्या नावावर टाकायची, एकाच गाडीत दोन पार्ट्यांचा माल असला तर काट्याची पावती कशी फोडायची, हे लिहिताना माझी बोटं आपोआप चालली. टाइपिस्टला असं जमत नाही, दादा.

तुझं श्रेय मी नाकारत नाही. वखारीवखारीतून तू फिरलास, शेठलोकांचा विश्वास तू मिळवलास, काट्यावर काय चालतं ते तू घरी येऊन सांगायचास. तू सांगायचास आणि मी लिहायचे. हे अर्धं-अर्धं आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी हसत कबूल केलं असतं. पण तुला सगळंच पाहिजे. पडद्यावर पहिल्या दिवसापासून तुझं नाव झळकत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. मी स्वतःच्या हाताने ते टाकलं होतं. म्हणून का तू आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार?

नव्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे चारही आकडे घेतले आहेत. जुना लिहिताना मी म्हटलं होतं दोन पुरायचे नाहीत, तर तू म्हणालास दोन हजार साल कुणी बघितलंय. आता सगळा बाजार त्याच धास्तीत आहे. बटणं मात्र मी जुनीच ठेवली. काशीरामभाऊंना बिलासाठी जे बटण दाबायची सवय आहे तेच अजून आहे. त्यांनी पहिल्यांदा चालवून बघितला आणि म्हणाले, "ह्यात नवीन काय केलंस?" मला तेवढंच ऐकायचं होतं.

पाडव्याच्या मुहूर्ताचं बिल त्याच्यावर निघालं. शेठ कुंकवाची वाटी घेऊन कॉम्प्युटरकडे यायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि बोट मॉनिटरच्या डोक्यावर नेऊन टेकवलं. सगळे हसले, शेठही. मग शेजारच्या दोन वखारवाल्यांनी तिथेच विचारलं की आमच्याकडे कधी येता. पुढच्या आठवड्यात जाते आहे.

तुझ्या पॅकेजशी माझं भांडण नाही. त्यात रंग आहेत, खिडक्या उघडतात, चांगलंच असेल. ज्याला ते घ्यायचं असेल त्याने खुशाल घ्यावं. त्याची जुनी माहिती मी स्वतः तुझ्या पॅकेजात भरून देईन, रीतसर माझी मजुरी घेऊन. फक्त जुना मेला असं तुझ्या भरतने बाजारात पुन्हा सांगायचं नाही. मी त्याच्या तोंडावर मशीन चालू करून दाखवीन, आणि त्यात तुझी शोभा होईल.

आता तुझी धमकी. सही केली नाहीस तर माहेरची वाट विसर, असं लिहिलं आहेस. माहेरची वाट तुझ्या ठाण्यावरून जात नाही. कोनला जायला पनवेलहून सहा आसनी रिक्षा मिळते.

बाबा गेल्यावर सरकारने घेतलेल्या आपल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, तेव्हा तू मला तहसीलदाराकडे घेऊन गेलास. आपल्याकडे बहिणी हक्कसोड करतातच. मीही केली. बाहेर येऊन तू मला उसाचा रस पाजलास आणि नंतर साडी घेतलीस. मी खूश होते. भावाला जमीन दिली याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण ती मी कमावलेली नव्हती. मला वाईट याचं वाटतं की त्या दिवसापासून तुला वाटू लागलं, मालूपुढे कागद ठेवला की मालू सही करते.

तुझा हा कागद मी आईला वाचून दाखवला. मला वाटलं होतं ती म्हणेल भावाला नाही म्हणू नये, संबंध तोडू नये. तिने निवडायचे तांदूळ सुपासकट बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मी पन माझे भावाला अंगठा दिला. त्यानं मना लुगडं घेतलं. लुगडं कवाच फाटलं." सूप पुढे ओढत पुन्हा म्हणाली, "मना लिवता येत नव्हतं म्हनून अंगठा दिला. तुला येतंय ना लिवता?" तुला कळावं म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. तिला दोष देऊ नकोस. मी आधीच ठरवलं होतं.

तू माझा भाऊ आहेस आणि राहशील. पुढच्या भाऊबीजेला आलास तर ओवाळीन, नाही आलास तर माझं काम अडणार नाही. वहिनीला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. आईला फोन करत जा, शेजारी भामाकाकूकडे केलास की ती येते.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. फुलीची जागा कोरी आहे आणि कोरीच राहील. माझी सही हवी होती ना तुला, ती इथे पत्राखाली करते. एवढीच मिळेल.

मालती जगन म्हात्रे