कुलूप बाहेरून

रविवार, १० नोव्हेंबर १९९१. सकाळचे सव्वादहा. पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहीत आहे.

शिरपूरहून आज नरोलीला पोहोचलो आणि लगेच खोली मिळाली! छप्पर पत्र्याचं, मधल्या भिंतीही पत्र्याच्याच, पण दाराचा निळा रंग नवा आहे. उद्यापासून जवळच्या सायली गावात, धाग्याच्या कंपनीत दिवसपाळी. शेजारी वाल्मिकभाऊ आणि त्यांची बायको सोनमवहिनी. भाऊ त्याच कंपनीत, कायम रात्रपाळीला. पलीकडे पुतळाबाई राहतात, नंदुरबारकडच्या. त्यांनी भाकरी-ठेचा दिला आणि म्हणाल्या, सातवी झालास म्हणे, मग माझी पत्रं आता तूच लिहायची, फुकट.

इथे एक पद्धत आहे. नवरा रात्रपाळीला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो, बायको आत. चावी मुकादम रमाकांतशेठकडे देतो, कारण आग लागली तर कोणीतरी उघडायला हवं. खोल्याही त्यांच्याच, कंपनीत कामाला लावणारेही तेच. कमरेला चाव्यांचा जुडगा असतो. मला ही व्यवस्था चांगली वाटली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

सोनमवहिनींना बाहेरचं झालंय म्हणतात. रात्री कोणीतरी खोलीत येतं, असं त्यांनी भाऊंना सांगितलं होतं. सकाळी कुलूप जसंच्या तसं, मग आत येणार कोण? म्हणून भगताकडे नेलं, मिरच्यांची धुरी दिली.

आज त्यांना नळावर पाहिलं. हंडा भरून वाहत होता आणि त्या नुसत्या बघत उभ्या. पापणी हलत नव्हती. मागून रमाकांतशेठ आले, काहीतरी गमतीचं बोलले. वहिनी हसल्या. हसता हसताच त्यांचं लुगडं आतून खालपर्यंत ओलं झालं, आणि त्यांना ते कळलंही नाही. बायका कुजबुजल्या, बघा, आत्ता आलंय अंगात.

मी उशाशी अंगारा ठेवला आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर. रात्र.

पत्र्यापलीकडे आवाज. ओरडणं नाही. आधी चाव्यांची खळखळ, मग कुलूप उघडल्याची कट्ट. नंतर काहीच नाही. आत माणूसच नसावं इतकं काहीच नाही.

भुताला चावी कशाला लागते?

मी उठलो नाही, उठताच येईना —

रविवार, १७ नोव्हेंबर.

पुतळाबाईंना सांगितलं. भाऊ झोपले होते, तेव्हा वहिनींना पुतळाबाईंच्याच खोलीत बोलावलं. मी घाईने विचारलं की ओरडल्या का नाहीत, मी पलीकडेच होतो. वहिनींचा चेहरा एकदम कोरा झाला. पुतळाबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाल्या, मुडद्या, तिच्या जागी तू असतास तर काय गाणं म्हणाला असतास? घसाच बंद होतो अशा वेळी. पुन्हा हे विचारलंस तर तुझी भाकरी बंद.

मग मामाचं हॉटेल आठवलं, लहानपणी तिथे कामाला होतो. मामा पट्ट्याने मारायचे तेव्हा मीही ओरडत नसे. कॅलेंडरवरच्या गाईकडे बघत राहायचो. काल रात्रीही तसाच पडून होतो.

परत गेलो, दार उघडं ठेवून उंबऱ्याशीच बसलो. म्हणालो, वहिनी, मला खरं वाटतं. तुमचं काहीच चुकलं नाही. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग बोलल्या. उलटसुलट, शेवटचं आधी, मधलं गाळून. आम्ही मध्ये तोंड घातलं नाही. रमाकांतचं नाव त्यांनी एकदाच घेतलं. पुतळाबाईंनी पाठीवर हात ठेवू का विचारलं, त्या नको म्हणाल्या, तर ठेवला नाही.

मी पोलिसांत जाऊ म्हणालो. पुतळाबाई म्हणाल्या, तुला कोणी विचारलं? तिला विचार. वहिनी म्हणाल्या, पोलीस नंतर, मी सांगेन तेव्हा. आधी कडी. आतून.

सोमवार, १८ नोव्हेंबर.

वहिनींनी भाऊंना स्वतः सांगितलं. भाऊ म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस? पुतळाबाई म्हणाल्या, सांगितलं होतं, तू धुरी दिलीस.

भाऊ खाली बसले. नंतर उठून दाराचा कोयंडाच उपटून टाकला. मी आतून कडी बसवली. कोपऱ्यातल्या खोलीतली मंजुळाबाई बघत होती. आत गेली, स्वतःचं कुलूप आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणजे तिच्याकडेही —

मंगळवार, १९ नोव्हेंबर.

रमाकांतने निरोप धाडला. खोल्या खाली करा, उद्यापासून कंपनीत येऊ नका. भाऊ पाळीला जाईनात. वहिनींनीच पाठवलं. जा म्हणाल्या, आज कडी मी लावते.

लावली. आवाज मोठा झाला.

मी ओट्यावर, बल्बखाली. शेजारी पुतळाबाई, मंजुळाबाई, विळा मांडीवर. भीती वाटते. फार वाटते. पण इथून उठणार नाही.

चाव्या वाजतायत. एकटा नाही, दोघे-तिघे —

कड्यांचा खर्च लिहून टाकतो. दोन कड्या, वहिनींची आणि मंजुळाबाईची, बावीस रुपये. स्क्रू, तीन. देणे : लोखंडवाल्याला दहा. रमाकांतला भाडं एकशेवीस, ते देणार नाही. समोर उभा राहून विचारतोय, काय लिहितोस रे? म्हटलं, तुझंच नाव. रमाकां—