फाटकाची जागा आणि आशाबाईचं नाव

मी, सखूबाई मारोती डोंगरे, वय अंदाजे शहात्तर, राहणार आदिलाबाद. डोकं ठिकाणावर आहे, कान थोडे गेलेत. कोणाच्या धाकाने नाही, लाडीगोडीने तर नाहीच, असं हे मृत्युपत्र करते. मी तिसरी शिकलेली, म्हणून तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस नागनाथ लिहून राह्यले. त्यांना सांगितलं आहे, माझं बोलणं गोड करू नका.

१. दोन खोल्यांचं घर मुलगा नागसेन याला. छत गळते. दरवर्षी 'करतो, आई' म्हणतो. आता त्याच्याच डोक्यावर गळेल तेव्हा करेल.

२. बँकेत असेल ते नात प्रगतीच्या शिक्षणाला. लग्नातल्या मंडपाला त्यातला एक रुपया लावू नये.

३. विळा, कुदळ आणि कापूस वेचायची झोळी ज्याला कामाला लागेल त्याने न्यावी. भिंतीवर टांगून माझं कौतुक करायचं असेल तर भंगारात द्यावी.

४. वस्तीच्या बागेला लागून माझी एक गुंठा जागा आहे. जैनथकडे कापूस वेचून माझ्या मजुरीतून घेतली, पट्टा माझ्या नावाचा. बागेचं फाटक रस्त्याकडे काढायला नगरपालिकेला ती पाहिजे. नागसेनने मला न विचारता कबूल केलं, जागा घ्या आणि बागेला आमच्या वडिलांचं नाव द्या. संगमरवराची पाटीही कोरून आणली.

माझे मालक मारोती गुरुजी मास्तर म्हणून सोन्यासारखे. वस्तीतली चाळीस पोरं त्यांच्यामुळे नोकरीला लागली. पण एका रोपाला त्यांनी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. दारचा कढीपत्ता वाळला तेव्हा ते पेपर वाचत होते.

बाग कशी झाली तेही लिहा. तिथे उकिरडा होता. आमच्यात माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या नावाने तिथे झाड लावायची चाल पडली. लोक झाड लावतात, फोटो काढतात, जेवून घरी जातात. दुसऱ्या दिवसापासून पाणी आमच्या वस्तीतली आशाबाई घालते. बोअरवरून, डोक्यावर हंडा, बावीस वर्षं.

माझ्या बकरीने तिची रोपं खाल्ली, तिने दगड मारून बकरीचा पाय मोडला. तेव्हापासून अकरा वर्षं आमचा अबोला. त्यातच गुरुजी गेले. त्यांचा कडुनिंब नागसेनने लावला, जगवला आशाबाईने. बकरीसाठी मी तिला माफ केलेलं नाही. ते वेगळं, हे वेगळं.

म्हणून जागा नगरपालिकेला फुकट द्यावी, पण बागेला नाव आशाबाईचं लागलं तरच. दुसरं कोणतंही लागलं, अगदी गुरुजींचं, तरी जागा प्रगतीची. लोकांनी मग मागच्या नाल्यातून बागेत जावं.

नागसेन म्हणाला, "आई, लोक काय म्हनतीन? बायकोलेच नवऱ्याचं नाव नको?"

मी म्हटलं, "त्याईचं नाव चाळीस घरात आहे, बापू. त्याले फाटक कायले पाहिजे?"

ती पाटी मोरीत कपडे धुवायला बसवावी, कोरलेली बाजू खाली.

५. साक्षीदार म्हणून आशाबाईला निरोप धाडला. अकरा वर्षांनी ती माझ्या दारात आली. सगळं ऐकून म्हणाली, "माह्या नावाचा बोर्ड? मी मेली का, सखू?"

"मेल्यावर तुले वाचता येईन का?"

"आताबी कुठं येते?"

तिने अंगठ्याला शाई लावली, तेवढ्यात नागनाथ म्हणाले, "थांबा बाई. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये."

मी विचारलं, "नाव मिळनं म्हंजे मिळनं झालं का?"

ते पिशवीतलं कायद्याचं पुस्तक काढून चाळायला लागले. आशाबाई त्यांच्यासाठी थांबली नाही. शाईचा अंगठा लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "मंग मी अंगठा देत नाही. दुसरा मानूस पाहा. मले नाव पाहिजे."

हे वाचून घेतलं, समजलं, कबूल आहे.

ठिकाण: आदिलाबाद
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५
सही: सखूबाई मारोती डोंगरे (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार:
१. नागनाथ, अर्जनवीस
२. आशाबाई (खोडले, तिच्या सांगण्यावरून)
३. प्रियदर्शनी, शेजारीण, शिक्षिका