रिकामं फंक्शन

१ सप्टेंबर
नाशिक सोडून आठवडा झाला आणि इंदूरच्या पोह्यांनी मला पार बिघडवून टाकलंय. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस बनतात. त्यांच्या कंट्रोलरमध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवणं हे माझं काम. प्रेस चालवून बघतात ते तुकोजी. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे दिवसातून दोनदा सांगतात. आज खजराना गणपतीचे लाडू दिले आणि कंट्रोलरकडे बोट दाखवून म्हणाले, "ऋजुता मॅडम, तुमचा डब्बा हात बघून मशीन रोकतो ना? मग काहेचं टेन्शन!"

९ सप्टेंबर
कंट्रोलरच्या बोर्डात जागा कमी, म्हणून ऐच्छिक फीचर्स बंद करून बिल्ड करतेय. हात ओळखणारा सेन्सर अजून आलेलाच नाही, तेही फीचर बंद केलं. कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपाइलर अडून बसला. बाकीचा कोड 'हात आहे का?' असं विचारतोच आणि उत्तर देणारं फंक्शन तर मी बंद केलेलं. सेन्सर नसेल तर प्रेस चालूच होऊ नये, असं सगळीकडे लिहायला हवं होतं. दोन दिवसांचं काम. मी एका ओळीचं रिकामं फंक्शन लिहून टाकलं. त्याचं कायम एकच उत्तर: हात नाही. वर शेरा मारला, 'तात्पुरतं, नंतर काढणे.' बिल्ड झालं. स्वतःवर खूश होते.

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. मुहूर्तावर नवी प्रेस चालू करायची म्हणून मालक, अर्पितजी, माझ्या टेबलावरचा बोर्ड घेऊन गेले. मी रांगोळी काढत होते. बोर्ड नेताना पाहिला. सगळ्यांसमोर अर्धवट काम कसं कबूल करायचं, म्हणून गप्प बसले.
तुकोजींनी तिरका पत्रा सरळ करायला हात घातला. माझ्या भरवशावर.
उजवा हात मनगटापासून गेला.

१९ सप्टेंबर
ऑपरेटरचीच चूक, असा रिपोर्ट लिहा म्हणाले अर्पितजी. लिहिला. सहीही केली. दवाखान्यात तुकोजी मलाच समजावत होते की मॅडमचा डब्बा चुकणार नाही, घाई आपणच केली असेल. मला त्यांच्याकडे बघवेना.

२३ सप्टेंबर
सेन्सर आला. रिकामं फंक्शन खोडलं, फीचर चालू केलं. कंपाइलर म्हणतो, हे फंक्शन दोनदा आहे. सगळा कोड धुंडाळला. एकदाच आहे. दुसरं म्हणे 'ऋजुता' नावाच्या फाइलमध्ये. अशी फाइलच नाही.

२४ सप्टेंबर
आज काहीही न बदलता बिल्ड झालं. सेन्सर रिकाम्या टेबलासमोर ठेवला. पडद्यावर: हात आहे.
सेन्सरची वायर काढली.
हात आहे.

२५ सप्टेंबर
वायर परत जोडून सेन्सरसमोर माझा डावा हात धरला — हात आहे.
उजवा धरला —
हात नाही.
पुन्हा धरला. नाही. बोटं गार पडलीत —

२६ सप्टेंबर
डाव्या हाताने लिहितेय. रिपोर्ट खोटा, चूक माझी, सगळं लिहून काढलं. आता फक्त सही. ती उजव्यानेच करणार, खोट्या रिपोर्टवरही त्यानेच केली होती —
पेन पडलं. उजव्या बाहीत — हात नाही.