लातूरच्या खालचं उस्मानाबाद

२७ मार्च, रविवार. लोहा.

वही संक्रांतीला घेतली होती. उद्या लिहू, उद्या लिहू करत शिमगा आला. पहिल्या पानावर नुसतं माझं नाव, तेही तीन तऱ्हेनं काढलेलं. आज बसलो कारण सांगायला कुणी नाही.

गुरुवारी लातूर सोडलं. अप्पांना म्हणालो, मायला ताप आलाय. माय ठणठणीत.

अप्पा म्हणजे महालिंगअप्पा पेंटर. मी त्यांच्या हाताखाली. गेल्या १५ ऑगस्टला लातूर जिल्हा झाला आणि गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करायचं काम निघालं. अप्पांचा हात थरथरतो. म्हणून अकरा शाळांच्या पाट्या मला एकट्याला दिल्या. दिवाळीच्या आत उरकल्या. सगळे म्हणाले, पोराच्या हातात कला हाय.

बुधवारी निलंग्याहून येताना एस्टी टाकळीला थांबली. खिडकीतून शाळेची पाटी दिसली. माझा पिवळा रंग पापुद्र्यांनी सुटलाय. 'लातूर'मधला 'ला' गळालाय, आणि खालून 'उस्मा' वर आलंय. काळं कुळकुळीत. कोपऱ्यात मात्र नाव शाबूत: महालिंग पेंटर, लातूर.

माझं नाव नाही. मी मागितलं होतं. अप्पा म्हणाले होते, एक वर्ष थांब.

२८ मार्च.

होळी. लाकडं कमी, बोंबा जास्त.

अप्पांची रीत लिहून ठेवतो. आधी पत्र्याच्या धारदार तुकड्यानं खरवडायचं. मग पालिश पेपर. मग पाण्यानं धुवायचं, वाळवायचं. अस्तर. पुन्हा वाळवायचं. मग रंगाचे दोन हात. मग सुतानं खडूच्या रेघा मारायच्या, आणि मग अक्षर. एका पाटीला चार दिवस. "लिहिणं तासाभराचं रे. घासणंच खरं काम हाय."

मी दिवसाला दोन उरकल्या. जुनं नाव फडक्यानं पुसलं, रंगात घासलेट ओतून एकच पातळ हात मारला, वर अक्षर. अक्षर मला येतं. एका दमात येतं. ब्रश उचलावा लागत नाही.

कारण विचारलं तर सांगणार होतो, पाणी नव्हतं. ते खोटंही नाही. टाकळीला बोअरवर घागरींची रांग, तिथं पाटी धुवायला बादली कुणाला मागू? पण बाकीच्या दहा गावांत मी विचारलंसुद्धा नाही. वाचलेल्या दिवसांत काय केलं? उदगीरचा किल्ला दोनदा बघितला. एका गावात कबड्डीचे सामने होते, ते संपेपर्यंत थांबलो.

३१ मार्च.

माय दुष्काळी कामावर जाते, खडी फोडायला. आज मीही गेलो. दुपारपर्यंत टिकलो. तळहाताला फोड.

विचारलं, "माय, तू जन्मभर राबलीस. त्यातलं काय टिकलं?"

माय म्हणाली, "तू टिकलास की."

शेजारची बाई हसायला लागली. "ह्यो टिकलाय? अर्ध्या दिवसात बसला की सावलीला."

माय पण हसली. मला हसू आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मायनं ज्या सडकेची खडी फोडली ती सडक आता कुठंय, दाखवता येत नाही. राबून सगळं टिकतं असं कोण म्हणतं? आणि न राबता माझं काय टिकलं? कॉलेज एक वर्ष. सायकलचं दुकान चार महिने. एस्टी कँटीन, तेही

माय बोलवून राहिली. नंतर लिहितो.

४ एप्रिल. इस्लापूर.

निघालो होतो लातूरला, अप्पांना सांगून टाकायला. नांदेडला किनवटकडची गाडी उभी दिसली. बसलो. का ते विचारू नये.

सहस्रकुंडचा धबधबा बघितला. धार नाही. खाली हिरवट डबकं, बाकी काळा दगड. शेळ्या राखणारी म्हातारी म्हणाली, "लोकं पाणी बघाया येतेत. तू काय दगड बघाया आलास?"

दगड गुळगुळीत झालाय, कोरल्यासारखा. पाणी हजारो वर्षं घासत राहिलं म्हणून झाला, असं लिहिणार होतो. पण शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटून राहिलं. पाण्याला कुठं कष्ट पडले? ते आपलं उतारानं गेलं. मीही उतारानंच जातो. माझ्यानं दगड गुळगुळीत होत नाही एवढंच.

म्हातारीनं ताक पाजलं. नाव विचारायचं राहिलं.

६ एप्रिल. नांदेड.

एस्टी स्टँडवर भगवान भेटला, कॉलेजातला. लातूरच्या नव्या जिल्हा ऑफिसात कारकून झालाय. अंगात टेरीकॉटचा शर्ट.

"मिलिंद्या, तू महालिंग पेंटरकडं होतास ना? म्हाताऱ्याला साहेबानं बोलावलं होतं."

अकरापैकी सात शाळांचे तक्रारीचे कागद आलेत म्हणे. टाकळीच्या गुरुजींनी तर लिहिलं, आमची शाळा नक्की कुठल्या जिल्ह्यात आहे ते कळवावे. ऑफिसात सगळे हसले. साहेब हसला नाही. म्हणाला, चाळीस वर्षं पेंटर तुम्ही, हे काय केलंत? यादीतनं नाव काढणार. अप्पांना ऑफिसचं काम पुन्हा मिळायचं नाही.

"मग अप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, हात माझाच हाय. म्हातारपणामुळं चुकलं."

भगवानला वाटलं खरंच अप्पांनी लिहिल्या. चहाचा कप हातातच गार झाला.

वर तोच मला समजावत होता, "कष्टाबिष्टाचं काही नसतंय रे. माझंच बघ, मामाच्या ओळखीनं लागलो. पाटी सोलवटली तर पुढल्या साली दुसऱ्याला काम." आनंदात दिसला. त्याचं टिकेल बहुतेक.

८ एप्रिल. टाकळी.

लातूरला उतरलोच नाही. सरळ इथं आलो. पत्रा, पालिश पेपर, अस्तर, रंग आणि ब्रश नांदेडलाच घेतले. गुरुजी ओट्यावर होते.

"या पेंटरसाहेब. उस्मानाबादहून आलात का लातूरहून?"

"लोह्याहून."

"म्हणजे नांदेड, तिसराच जिल्हा. बरंय, त्याचंबी नाव टाका." पण शिडी काढून दिली. झोपायला वर्गाची किल्ली पण.

बोअरवर रांगेत बादली लावली. बाया म्हणाल्या, "माणसाला न्हाई अन् पाटीला पाणी?" एकीनं बादली पाठीमागं सरकवली. बरोबरच होतं तिचं. शेवटची घागर भरेपर्यंत उभा राहिलो. अर्धी बादली मिळाली, गढूळ. धुवायला पुरेल.

९ एप्रिल.

दिवसभर घासलं. माझा रंग फुंकरीनं उडावा तसा गेला. त्याखालचं 'उस्मानाबाद' हलायला तयार नाही. वीस उन्हाळे पडलेत त्याच्यावर. पत्र्याची धार गेली, दगडावर लावून आणली.

संध्याकाळी पाटीचा कोपरा साफ केला तर माझ्या हातच्या 'महालिंग'च्या खाली आणखी एक 'महालिंग'. बारीक, नीट, तेच वळण. म्हणजे उस्मानाबाद अप्पांनीच लिहिलेलं.

शिडीवरच बसून राहिलो. मी जे बिघडवलं ते पडलं, आणि जे उघडं पडलं ते अप्पांचंच चांगलं काम. सगळं ऑफिस त्याला हसलं. आता मीच ते खरवडून काढतोय. कारण एवढंच, की सरकारचा हुकूम निघाला. मग टिकलं काय? वीस वर्षं न हललेलं अक्षर एका कागदानं चुकीचं ठरतं.

अप्पांना हे ठाऊक असणार. तरी चार दिवस घासायला सांगतात.

१० एप्रिल.

बोटांची सालं निघाली. अक्षर जेवढं उरलं होतं तेवढं आज निघालं. 'स्मा'चा काना शेवटी. तो काढताना अप्पांच्या अंगावरून काहीतरी ओढून काढतोय असं झालं. धुतलं, वाळवलं, अस्तर मारलं. वाळेपर्यंत नुसतं बसायचं. गावात बाजार होता. गेलो नाही. जावंसं वाटलं, दोनदा फाटकापर्यंत गेलो.

अजून दहा पाट्या. होतील का माझ्यानं? माझा मलाच भरवसा नाही. टाकळी झाली की कुठली तरी गाडी उभी दिसेल.

१२ एप्रिल, मंगळवार.

काल रंगाचे दोन हात. आज सुतानं रेघा मारून 'लातूर' लिहिलं. मुद्दाम हळू. ब्रश चारदा उचलला. मागच्यापेक्षा देखणं नाही.

कोपरा रिकामा ठेवलाय. अप्पांचं नाव घालू? त्यांनी माझ्यासाठी ते एकदा घाण करून घेतलंच आहे. माझं घालू, तर ऑफिसला कळेल आधीचं कुणी केलं होतं. तेच व्हायला पाहिजे. पण नाव घालायचं वर्ष अजून झालेलं नाही. विचारल्याशिवाय

गुरुजी आत्ताच पळत आले. म्हणाले, दुपारच्या गाडीतनं एक म्हातारा उतरलाय. कपाळाला विभूती, खांद्याला पिशवी. एस्टीची सवय नसलेला माणूस दिसतोय, उतरायला दोघांनी धरलं. शाळेची पाटी कुठंय विचारून राहिला. पिशवीतून ब्रशाचे दांडे बाहेर आलेत.

वहीशेजारी ठेवलेला माझा ब्रश अजून ओला आहे.