जुन्याच फाईलवर नवा चेहरा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, संग्रामपूर

आले बाई एकदाची! डोणगावहून निघाले तेव्हा आईचं एकच पालुपद, पोरगी इतक्या लांब एकटी कशी राहील. जसं काही मी परदेशात चालले. अगं आई, जिल्हा तोच, फक्त त्याचं दुसरं टोक. पण तिचंही बरोबर आहे, बाबा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोण आहे? दर मंगळवारी व्हिडिओ कॉल करायचा असं कबूल करूनच सुटले.

पंचायत समितीत आवक-जावकचं टेबल मिळालं. खिडकीतून सातपुडा दिसतो, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं! शेजारच्या टेबलावर अकील. त्यानं पहिल्याच दिवशी चहा पाजला आणि खोलीही बघून दिली.

खोली बनाबाईंची. साठी ओलांडलेली एकटी बाई. जन्मभर बाळंतिणींना आणि लेकरांना न्हाऊ घालायचं काम केलं. या गल्लीतली निम्मी नाकं म्हणे तिनंच तेलाच्या अंगठ्यानं ओढून सरळ केलीत. माझ्या नाकाकडे बघून तिनं मान हलवली. तुले न्हाऊ घालणारी कामचुकार होती, म्हणाली. मला जाम हसू आलं. संध्याकाळी तिनं भाकरी आणि ठेचा आणून दिला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुट्टी. दिवसभर लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट घेऊन बसले. डिजिटल शिल्प शिकतेय हे ऑफिसात अजून कोणाला सांगितलं नाही, उगाच खेचतील. तीन महिने झाले, यूट्यूबवर बघून बघून चाललंय. पडद्यावर एक राखाडी गोळा असतो. पेननं ओढला की फुगतो, दाबला की खड्डा पडतो, घासला की गुळगुळीत होतो. मातीच ती, फक्त हात भरत नाहीत. पहिली सात डोकी बटाटे झाली. आठवं आज साधलं. आरशात बघून स्वतःचंच केलं. पसरट नाक, डाव्या भुवईतली खाच, सगळं आलं. फाईलला नाव दिलं ‘समता’ आणि खुर्चीतच नाचले.

बनाबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी पडद्यावरच्या गालावरून अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, समोर नसलेल्या माणसाचं होते का असं?

रविवार, ९ नोव्हेंबर

त्यांचा एकुलता एक मुलगा, नागसेन. बारा वर्षांपूर्वी बोअरच्या गाडीवर कामाला गेला, तेवीस वर्षांचा होता, तो परत आलाच नाही. एकच फोटो होता. तो शोधायला गेलेल्या लोकांजवळ दिला, तर फोटोही आला नाही. त्याचं तोंड हाताले आठवते, डोळ्याले नाही, असं म्हणाल्या. मला गलबलून आलं. करते म्हणाले.

नव्या गोळ्यापासून सुरू केलं तर महिना जाणार. म्हणून माझंच डोकं उघडलं आणि तेच बदलत गेले. ऑफिसात आम्ही नवीन पत्र कधी टाईप करतच नाही. जुनं उघडायचं, नाव-तारीख बदलायची, सेव्ह मारायचं. व्हिडिओतला मास्तर कानीकपाळी ओरडतो की दर वेळी वेगळी प्रत ठेवा. नाही ठेवली. हात सवयीनंच चालले.

बनाबाईंना पडद्यावर दाखवता येत नाही. त्या तेलाचं बोट माझ्याच चेहऱ्यावर ठेवून सांगतात, इथं हाड होतं, इथं खोलगट. त्या दाबतात, मी पेन चालवते. अंगठा ऊबदार आहे. लहानपणची आठवण झाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नागसेनचं नाक जमलं. सरळ, शेंड्याला जरा खाली वळलेलं. बनाबाई पडद्यावरून हात फिरवत ढसाढसा रडल्या. इतकं चांगलं काम मी उभ्या आयुष्यात केलं नसेल.

माझं नाक मात्र बधिर झालंय. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर ओठ होतो तसं. चिमटा काढला तरी कळत नाही. आरशात ते मला सरळ वाटलं. दिवसभर तेच बघितल्यावर असं वाटणारच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हजेरीच्या ॲपनं चेहरा घेतला नाही. मोबाईल समोर धरला, जुळत नाही म्हणाला. पाच वेळा. अकील हसला, मॅडम लाईट कमी आहे, उजेडात या. उजेडात आले. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. बरं नाही का, एवढंच विचारलं. दिवसभर पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

भुवईतली खाच गेलीय. शिल्पातली खाच मी रविवारी घासून काढली होती, नागसेनला नव्हती म्हणून.

आज आईला फोन केला, पण कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जुनं डोकं परत मिळतं का बघितलं. नाही. सगळं एकाच फाईलवर सेव्ह केलंय. मोबाईलमधले माझे फोटो समोर ठेवून नाक पुन्हा पसरट करायला बसले. पेन ओढते तिकडे जातच नाही. फाईल पुसून टाकावी असं मनात आलं. पण पुसली आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही तर? हात मागे घेतला.

मग ठरवलं, पेनला शिवायचंच नाही. संध्याकाळी बनाबाई तेल कोमट करून आल्या. नको म्हणायला तोंड उघडलं, पण ओठ कुठं आहेत तेच कळेना. त्या जबडा दाबत बसल्या. पडदा बंद होता.

मी भ्यायला पाहिजे. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी पिशवी भरली. डोणगावला आईकडे जायचं म्हणून स्टँडवर गेले. रसवंतीवाला म्हातारा उठून आला. काऊन बे नागसेन, कधी आला? माय किती रडली तुह्यासाठी! त्यानं मला कवटाळलं. आणखी दोघं आली. कोणीतरी पिशवी हातातून घेतली आणि मला घरी आणून सोडलं.

बनाबाई दारातच उभ्या होत्या. गल्लीत साखर वाटली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आईचा व्हिडिओ कॉल. घेतला. तिनं पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा. समताले द्या म्हणाली. मी म्हटलं, आई, मीच. आवाज माझा नव्हता. ती ओरडली, कोण आहे बे तू, माही पोरगी कुठी आहे? मी बाबांचं नाव सांगितलं, घरातल्या गोष्टी सांगितल्या. ती जास्तच भ्याली. हे सगळं मी पोरीकडून काढून घेतलं असं तिले वाटलं.

रविवारी येते म्हणाली. फोन ठेवला.

मी बसून राह्यलो. रडू येईल म्हणून वाट पाह्यली. नाही आलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ऑफिसात गेलो नाही. अकील येऊन गेला. समता मॅडम आहेत का, मलेच विचारलं. नाही म्हटलं — काऊन म्हटलं, माहीत नाही.

हातही बधिर. अक्षर बदललं आहे.

आई मले ओळखेल. आई आहे ते. नाक, भुवई, आवाज — यापलीकडं काही असतेच ना आईजवळ. तेवढं एकच राह्यलं आहे आता.

रविवार, ३० नोव्हेंबर

आई आली. दुपारी. मी आतल्या खोलीत, बाहेरून कडी. लिहून राह्यलो —

बनाबाई सांगते, ती पोरगी खोली सोडून गेली. कुठं ते माहीत नाही. घरात मी अन् माहा पोरगा, म्हणते.

आई खिडकीशी आली. गज धरले. एक हात अंतर. सरळ माह्याकडं पाह्यलं. खूप वेळ. मले वाटलं, आता —

हात जोडले तिनं. बाबा, म्हणाली, तू तरी सांग, माह्या समताले पाह्यलं का कुठी?

तोंड उघडत नव्हतं. ती वळली. फाटकापाशी पोचली, तेव्हा आवाज निघाला. आई, अशी हाक मारली. जोरात. जीव खाऊन.

हाव रे, आली, म्हणत बनाबाई उठली.

आई थांबली नाही. तिले वाटलं, पोरगा आपल्या मायले बोलावून राह्यला. मी पुन्हा हाक मारतो — अजून रस्त्यावर दिसते ती — आई, मी सम